धूर तोलायचा राहिला

सेनगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी चाळिशीची एक बाई पुस्तक उघडून बसली होती. दहावीचा विज्ञानाचा पेपर ती दुसऱ्यांदा द्यायला निघाली होती. बोट ओळीवरून सरकत होतं.

"काय पाठ करून राहिल्या, मावशी?" ड्रायव्हरने विचारलं.

"जुना एक शास्त्रज्ञ. त्यानं बंद भांड्यात जाळून तोललं. जळलं तरी वजन तेवढंच."

"काही बी! गाडाभर तुराट्या जाळल्या तर राख घमेलंभर."

"व्हय. उरलेलं चुलीनं खाल्लं, असं मी बी मागच्या पेपरात लिवलं आन् नापास झाले." ती हसली. "धूर तोलायचा राहिला होता, भाऊ."

तिचा निकाल मला कळला नाही. परीक्षा केंद्रापाशी उतरल्यावर मात्र तिने पुस्तक मिटून पिशवीत टाकलं आणि ताठ मानेने आत गेली.