हाताकडे बघणारे बिराजदार वकील

बिराजदार वकील गेल्याची बातमी मला शेख जमादारांनी दिली. मी शाळेला निघालो होतो. दारात सायकल टेकवून ते म्हणाले, "मास्तर, वकीलसाब गेले. पहाटेच." मला आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं, ही बातमी पोलिसातल्या माणसाला माझ्याआधी कशी कळली? जमादार केव्हाच निवृत्त झालेले, डोळे रडून लाल झालेले, तरी मी त्यांना आत या म्हटलं नाही… वकिलांबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, कारण आमच्या ओळखीत संशयच जास्त होता, आणि तो सगळा माझ्याच बाजूचा होता.

दुष्काळाच्या वर्षी विडी वळणाऱ्या बायकांचे मोर्चे निघू लागले. लाठी चालली की दुसऱ्या दिवशी पोलिसांची एक हकीकत आणि बायकांची दुसरी. वकिलांनी आम्हा चौघांना बोलावलं. काम एवढंच, की दंडाला पांढरी फीत बांधून मोर्चाच्या कडेनं उभं राहायचं, बघायचं, आणि कोर्टानं विचारलं तर बघितलं तेवढंच सांगायचं. घोषणा द्यायची नाही. चहा कोणाचाच घ्यायचा नाही, बायकांचाही नाही आणि पोलिसांचाही नाही. "आणि तोंडाकडे बघू नका, मास्तर. तोंडं सगळ्यांचीच रागावलेली असतात. हात बघा." ही सवय त्यांच्यात इतकी मुरली होती, की घरी बोलतानाही ते समोरच्याच्या हाताकडेच बघत. डोळ्याला डोळा न देणारा माणूस… मला ते कधीच बरं वाटलं नाही.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत पहिली बैठक झाली तेव्हा वकील म्हणाले, "आम्ही तिथं पंच म्हणून उभे राहू." ते वळसंग गावचे, त्यांच्या डोक्यात देवळाच्या कट्ट्यावर बसून निवाडा करणारे पंच होते. बायकांना ठाऊक होता तो पंचनाम्याच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवणारा पंच. राजव्वा नावाची एक विधवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पंच कशाला, पोलिसाचा जावई म्हणा की सरळ!" हशा पिकला. वकिलांनी पुढ्यातला चहा परत केला, तशी ती म्हणाली, "बघा, जावयाला आमचा च्या पण चालत नाही." तेव्हापासून त्या भागात त्यांचं नाव 'जावई' पडलं. त्या हसण्यात मीही होतो.

पुढच्या मोर्चाला बायका सुपं घेऊनच आल्या. कलेक्टर कचेरीसमोर गर्दीतून एक दगड आला आणि शेख जमादारांचं कपाळ फुटलं. लाठ्या सुरू झाल्या, आणि समोर सापडली म्हणून राजव्वाला धरलं. दगड तिनंच मारला असा खटला उभा राहिला. शिक्षा झाली असती तर कारखान्यातून नाव गेलं असतं आणि दोन पोरी उघड्यावर पडल्या असत्या. बायकांचं म्हणणं एकच होतं, दगड आलाच नाही. तो मीही पाहिला होता. पण मी गप्प राहिलो.

वकील तिच्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. सरकारी वकिलानं विचारलं, "दगड आला होता का?"

"आला होता."

"कुठून?"

"मोर्चातूनच. मागच्या रांगेतून."

मी तिथूनच उठलो. बाहेर व्हरांड्यात बायकांना म्हणालो, "विकला गेला तुमचा जावई." पुढचं वाक्य ऐकायलाही थांबलो नाही. राजव्वाचे दोन्ही हात डोक्यावरच्या सुपाला होते, हे ते वाक्य; मला ते नंतर कळलं. ती सुटली. तरी मला वाटत राहिलं, आतून काहीतरी जुळवलं असणार. आणीबाणीत ओळखीची माणसं रातोरात उचलली गेली आणि वकील घरीच राहिले, तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

शेवटचं भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "मास्तर, हात फार चाळवता तुम्ही." मी हात खिशात घातले. आता काय विचारणार आहेत, याची वाट बघत बसलो.

दहाव्यानंतर त्यांच्या वकिलीच्या खोलीवर गेलो तर जमादार आणि राजव्वा एका बाकावर बसलेले. माझा चेहरा बघून जमादार कपाळावरच्या खुणेला बोट लावत म्हणाले, "मास्तर, आमचे साहेब म्हणायचे, हीच बाई होती असं सांग. ह्या बायका म्हणायच्या, जमादारानं आपणच कपाळ फोडून घेतलं. दगड होता पण बाई नव्हती, असं बोलणारा एकच निघाला. तेव्हापासून येतो मी हितं."

"माझा च्या मात्र शेवटपर्यंत घेतला नाही," राजव्वा म्हणाली. "सुटले त्या दिवशी म्हटलं, आता तरी घ्या की. तर म्हणाले, सरकारनं अपील केलं तर?" ती हसायला गेली, पण तिनं पदर तोंडाला लावला.

ती दोघं गेल्यावर मी पक्षकाराच्या खुर्चीत बसलो. समोरची वकिलांची खुर्ची रिकामी होती आणि माझे हात खिशातच होते. ते बाहेर काढून टेबलावर ठेवले, त्यांना दिसतील असे… बराच वेळ तसेच ठेवले.