सूर्यास्तापूर्वीचा इस्टू

रूथचा फोन आला तेव्हा मी सांगलीला माहेरी होते. अव्वाबरोबर, म्हणजे माझ्या आईबरोबर, घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. रूथ माझी नणंद. मला दोन दिवस माहेरी जाऊन येता यावं म्हणून ती पुण्याहून साताऱ्याला येऊन सासूबाईंजवळ राहिली होती. "वहिनी, आई गेली. दुपारी झोपेतच..." एवढंच ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "जेवल्या होत्या का?" साताऱ्याच्या गाडीत बसल्यावर मला त्या प्रश्नाची लाज वाटायला लागली. पण खरं सांगायचं तर गेलं वर्षभर मी त्यांच्याबद्दल दुसरा काही विचारच करत नव्हते. खिडकीबाहेर ऊस मागे जात होता, डोळे आपोआप मिटत होते, आणि अर्धवट झोपेत सारखं वाटत होतं, की आपण गॅसवर काहीतरी ठेवून आलोय आणि ते अजून शिजतंय...

एस्तेरबाई माझ्या सासूबाई, पण मी त्यांना आईच म्हणायची. मी पद्मा, जैनांच्या घरातली. माहेरी कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळला की चूल बंद. सुधीर ख्रिस्ती, त्यातून फौजेतला. लग्नानंतर माहेरच्यांनी किती दिवस अबोला धरला ते आता उगाळत बसत नाही. पुढे सगळं निवळलं, इतकं की आज माझी मुलगी अव्वाकडे राहून विश्रामबागला कॉलेजात जाते. पण साताऱ्यातला तो पहिला रविवार मला लख्ख आठवतो. चर्चहून येताना आई मोठ्याचं मटण घेऊन आल्या होत्या. मोठ्याचं म्हणजे म्हशीचं, आमच्याकडे असंच म्हणतात. मला बघून त्या थबकल्या. मग स्टो, एक जाड बुडाचं पातेलं आणि पळी उचलून मागच्या पडवीत गेल्या, आणि त्या दिवसापासून ते सगळं तिथंच राहिलं. मी दारात जाऊन उभी राहिले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "तू खाऊ नगंस. पर नाक मुरडायचं न्हाई. ह्या पातेल्यावर माझी पोरं वाढल्यात." मला त्यांचा हा रोखठोकपणा भलताच आवडला. मी खाल्लं नाही आणि नाकही मुरडलं नाही. आमचं त्यावर छान चाललं.

त्या पातेल्यात शिजायचा तो इस्टू, म्हणजे साहेबी स्ट्यू. आई मूळच्या पाटणकडच्या, पण उमेदीची सगळी वर्षं पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहात मेट्रन होत्या. हा इस्टू त्या तिथंच शिकल्या. हाडासकट मटण, बटाटे, गाजर, अख्खी मिरी, दालचिनीचा तुकडा, शेवटी व्हिनेगरचे चार थेंब... बाकी काही नाही, तिखटाचं नाव नाही. पावसाळ्यात पाचगणीत धुकं खोलीत शिरतं, पांघरुणं ओलसर होतात, आणि घरची आठवण येऊन मुली मुसमुसायला लागतात. आई त्यांना समजवायच्या भानगडीत पडत नसत. ज्या खात असतील त्यांना आपल्या खोलीत बोलावून गरम इस्टूचं वाडगं हातात द्यायच्या, ज्या खात नसतील त्यांना दूध-पाव. रडणाऱ्या माणसाशी बोलू नये, त्याला आधी काहीतरी गरम द्यावं, असं त्यांचं मत होतं. मला बाळंतपणात रडू यायचं तेव्हा त्यांनी माझ्यापुढे मुगाचं कढण ठेवलं होतं, एक अक्षर न बोलता.

मागच्या वर्षी त्या न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चुलीपुढे उभं राहणं संपलं. गोळ्यांचा ढीग सुरू झाला आणि जेवण सुटलं. मऊ भात, पेज, शिरा, जे करीन ते दोन घासांत बाजूला सारायच्या. सुधीर तिकडे सीमेवर, फोनवर नुसतं विचारायचा. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे दंड काड्यांसारखे झाले आणि मला भीती वाटायला लागली, की ह्या माझ्या हातात उपाशी जाणार. एका दुपारी मी म्हटलं, "आई, आज मी इस्टू लावते." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्यापायी तू बाटायचं काही कारण न्हाई, म्हणाल्या, अव्वाला काय तोंड दाखवशील? मी म्हटलं, सांगीन की सासू उपाशी होती. त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. मला वाटलं, डोळा लागला. मग भिंतीकडूनच आवाज आला, "हाडं खाली घाल. म्हंजी बुडाला लागत न्हाई."

मांस हातात घेतलं. ओठांवर आपोआप णमोकार मंत्र सुरू झाला. माफी कोणाची मागत होते, म्हशीची की अव्वाची, कोण जाणे. हात मात्र थांबले नाहीत. थंडीचे दिवस होते. पडवीतलं पातेलं आत आणून मी चारच्या सुमाराला गॅसवर इस्टू लावला, आणि खिडकीतला उजेड तांबूस झाला तसा गॅस बंद केला. विचार करून नव्हे, लहानपणापासून हाताला तीच सवय. मटण चामड्यासारखं राहिलं. आईंनी पहिला तुकडा पुष्कळ वेळ चघळला, मग हळूच ताटाच्या कडेला ठेवून म्हणाल्या, "म्हस लय फिरलेली दिसती." मी खरं कारण सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर मग सकाळी न्याहारी झाली की लावत जा. दिस हाय तवरच जेवू की दोघी." उभ्या जन्मात रात्री नऊच्या आत न जेवलेली बाई, पण त्या दिवसापासून माझ्याबरोबर पाच-साडेपाचला जेवायला लागली. त्यांच्या मांडीवर वाडगं, माझ्यापुढे भाकरी-आमटी, आणि पश्चिमेचं ऊन कॉटच्या पायथ्याशी.

आठवड्यातून दोनदा इस्टू व्हायचा. कुकर त्यांना चालत नसे, शिट्ट्यांनी मऊ होतं पण मुरत नाही म्हणायच्या. त्यामुळे अख्खा दिवस मंद आचेवर पातेलं. घर त्या वासाने भरून जायचं आणि कसलीच घाई उरायची नाही. आई डोळे मिटून पडलेल्या असायच्या आणि आवाजावरून सांगायच्या, आच कमी कर, लय बडबडतंय. कधी झोपेत पाचगणीत जायच्या. "कोण रडतंय गं?" विचारायच्या. मी म्हणायची, "झोपली आता." मग त्यांचा चेहरा सैल व्हायचा... शेवटी मी चमचाभर रस्सा फुंकून त्यांच्या ओठांशी न्यायची, कारण मला चाखता येत नव्हतं. त्या नीट जीभ फिरवून सांगायच्या, "मीठ बरूबर हाय." दर वेळी बरूबर. एकदाही कमी-जास्त नाही. आमच्या माहेरी मिठाचा हात आखडता, तरी माझा अंदाज चुकत नाही म्हणून मी मनातल्या मनात फुशारून जायची. आणि वाडगं रिकामं व्हायचं. मला एवढंच हवं होतं.

त्या गेल्यानंतर महिन्याने घरी प्रार्थना झाली. सुधीर सुट्टीवर होता, रूथ थांबली होती. ती म्हणाली, वहिनी, आज तुझ्या हातचा इस्टू कर. मी सकाळीच लावला. ऊन असतानाच तिघं बसलो. सुधीरने एक घास खाल्ला आणि खाली बघत राहिला. रूथ म्हणाली, "वहिनी, ह्यात मीठ नसल्यासारखंच आहे." मी म्हटलं, असं कसं होईल, नेहमीएवढंच घातलंय, आई दर वेळी चाखून सांगायच्या.

रूथने चमचा ठेवला. तिचे डोळे भरून आले. "आईच्या तोंडाला चवच नव्हती गं. ऑपरेशननंतर गेली ती आलीच नाही. मला फोनवर म्हणायची, पद्माला सांगू नगंस, ती हात आखडून बसंल. जिभेला कळत न्हाई, पर दिसभर वास येतो, आन् घरात आपल्यासाठी कुणीतरी कायतरी करत बसलंय असं वाटतं. त्याच्यावरच मी खाती, म्हणायची."

म्हणजे वर्षभर मी न चाखता रांधत होते आणि त्या चव नसताना जेवत होत्या. मला आधी राग आला. हे सांगितलं असतं तर मी मुगाची खिचडी केली असती, दोघींचीही सुटका झाली असती. सुधीर मिठाचा डबा घेऊन आला, सगळ्यांनी वरून मीठ घेतलं, पातेलं संपलं. रात्री पडल्या पडल्या माझा राग गेला आणि मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी पोटभर रडले.

सुधीर ड्युटीवर गेला, रूथ पुण्याला गेली. पुढच्या रविवारी सकाळी मटणवाल्या रफिकभाईंचा माणूस पिशवी घेऊन दारात उभा. प्रार्थनेच्या दिवशी मटण मागवलं, त्यावरून आईंचा रतीब पुन्हा सुरू झाला असं त्यांना वाटलं असावं. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि पिशवी हातात घेतली. चर्चमागे एक म्हातारी बाई एकटीच राहते, तिला डबा नेऊन देऊ, असं मनाशी ठरवलं. पातेलं चढवलं आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून आईंच्या खोलीत गेले. त्यांच्या कॉटवर मी कधी आडवी झाले नव्हते. त्या दिवशी झाले. हळूहळू वास तिथपर्यंत आला, मिरीचा, दालचिनीचा, मटणाचा. स्वयंपाकघरात कोणी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वाटत राहिलं, की आत आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी करत बसलंय. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, पण भूक म्हणून लागली नाही.