बांधावरच्या चपला

देवावर माझा विश्वास नव्हता, आणि हे मी छापून वाटत होतो. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली, तरी पनवेलच्या खाडीकाठची मिठागरातली माणसं भरतीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला देव मानत, त्यावरून अनवाणी चालत. मला संताप यायचा. शेवटी पत्रकातच लिहिलं: मिठागराच्या मालकाविरुद्धच्या सभेला बांधावरून या, आणि चपला घालून या.

त्या सकाळी उधाण होतं, धुकं दाट. मी पनवेलकडून निघालो. मिठागरातल्या वीसेक बाया सभेसाठी पलीकडून येणार होत्या, त्यांना सामोरा. एका अंगाला काठोकाठ खाडी, दुसरीकडे खोलात शेतं, आणि आवाज कशाचाच नाही. वाटेत एक म्हातारी पाठमोरी बसलेली दिसली. दवानं माझा सदरा भिजला होता, तिचं लुगडं कोरडं होतं.

"चपला काड रं," ती न वळता म्हणाली. "तुजा बापूस कदी चपला घालून चालला नाय इथनं."

"मातीला कसला आलाय विटाळ?"

"मातीला काय नाय. तुला कलायचं नाय."

राग आला, तरी चपला काढल्या. का, ते आजही सांगता येत नाही. माझे वडील या बांधाचे राखणदार होते. मी पाच-सहा वर्षांचा असताना ते मला बोट धरून इथं आणत, टाच दाबायला लावत आणि विचारत, "थंड लागतंय का?" पाच पावलं गेलो आणि टाचेखाली गार लागलं. आतून पाणी शिरलं होतं. बांध पोखरला होता.

समोर धुक्यात चपलांचा फटफटाट ऐकू आला. मी मागं सरकून ओरडलो, "थांबा, मागं फिरा."

"चपला घाला म्हनून तूच सांगतंस, मागं फिरा म्हनून तूच सांगतंस," सगळ्यांच्या पुढं असलेली माझी आत्या म्हणाली. "एक काय तं ठरव, पुढारी."

पण थांबली. आमच्या मधला बांध हळूच खाली बसला आणि खाडी शेतात शिरली.

वळून पाहिलं तर म्हातारी नव्हती. ओल्या मातीत पावलं होती ती माझीच. नंतर आत्याला सगळं सांगितलं. तिनं बांधाच्या दिशेनं हात जोडले.

माझ्या जिद्दीचा मला फार गर्व होता. ती जिद्द वीस बायांचा जीव घ्यायला निघाली होती. वडिलांनी लहानपणी अंगात मुरवलेलं कुणीतरी वेळेवर जागं केलं. त्यावर मी वाद घालत नाही. मालकाशी अजून भांडतो. पण लोकांना हाक देण्याआधी एकटा बसतो, मनातलं बांधावरच्या त्या म्हातारीपुढं ठेवतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सभेची तारीख छापत नाही.