सोबतीला बसणारे शरदभाऊजी

शरदभाऊजी गेल्याचं मला फोनवर कळलं, तेही त्यांच्या बायकोकडून, सुनंदाताईकडून. इथे परदेशात, हौगांग भागातल्या आमच्या इमारतीत ती माझ्या वरच्याच मजल्यावर राहते, पण सार्सची साथ चालू होती. भाऊजींना ताप आला म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन गेली आणि सुनंदाताईला घरातच क्वारंटाइन केलं. "गेले गं," एवढंच ती म्हणाली. आणि मग, "शेवटी कोणी होतं का त्यांच्याजवळ?" हॉस्पिटलात कोणालाच आत सोडत नव्हते.

तिने नेमकं हेच का विचारलं, ते भाऊजींना ओळखणाऱ्यालाच कळेल. बँकेत हिशेब तपासणारा हा माणूस. आमच्या इमारतीखाली व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत कोणाचीही शवपेटी ठेवलेली असो, ऑफिसातून आला की टाय सैल करून तिथे जाऊन बसायचा. चिनी घरातले लोक पेटीजवळ पत्ते खेळत जागे राहतात, गेलेल्याला सोबत म्हणून. भाऊजी त्यांच्यात शेंगदाणे सोलत बसत. पत्ते मात्र त्यांना कधीच जमले नाहीत. शेजारचे मलाय आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला पुढे झाले. एका ख्रिस्ती बाईंच्या घरी जपमाळेच्या प्रार्थनेला मान खाली घालून बसले. सुनंदाताई वैतागायची, आधी अंघोळ म्हणून दारातूनच पिटाळायची. मीही चिडवायचे, भाऊजी, सगळ्याच धर्मांत नाव घालून ठेवलंत, वर गेल्यावर कोणत्या रांगेत उभे राहणार?

एकदा ते हसले नाहीत. म्हणाले, "देव कसा आहे यावर यांचं एकमत नाही. पण गेलेल्याला एकटं ठेवायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तेवढा धर्म पुरतो."

आणि त्यांच्याच वाट्याला सीलबंद पेटी आली. घाईघाईने दहन झालं. तोंडात गंगाजळ नाही, तुळशीचं पान नाही. सुनंदाताई वर घरात बंद, मी खाली फोन कानाला लावून. ती रडत होती आणि मी नुसती हं हं करत होते. समोरच्या मिसेस टॅन तिच्या दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून, हात जोडून निघून गेल्या. रागवायचं तरी कोणावर? मला अजून कळलेलं नाही.

साथ ओसरली, तिचं क्वारंटाइनही कधीच संपलं. परवा मार्केटमधून आम्ही दोघी येत होतो, तर खाली कोणा चिनी म्हाताऱ्याची पेटी ठेवलेली होती. मी पुढे निघाले, सुनंदाताई थांबली. भाजीच्या पिशव्या बाजूला ठेवून तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. म्हाताऱ्याचा मुलगा सरबताचं पाकीट घेऊन आला, तेव्हा तिने त्याला इंग्रजीत विचारलं, शेवटच्या वेळी वडिलांजवळ कोणी होतं का?

"ऑल देअर, आंटी. होल फॅमिली."

"बरं झालं," ती मराठीतच म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.