किल्टची आतली बाजू

आमच्या वर्कशॉपमधल्या चिंध्या रोज झाडून निघतात, किस्से मात्र साचत जातात. नोएडात आम्ही किल्ट बनवतो. म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष नेसतात तो चौकटीचा, मागे निऱ्या असलेला लोकरी घागरा. घागरा म्हटलं की आमचे मालक चड्ढाजी चिडतात, म्हणून मी मुद्दाम म्हणते. माल जातो शाळांच्या बँडला आणि परदेशात. बहुतेक काम मशीनवर. फक्त खिडकीशी एक लांब टेबल आहे, तिथे आम्ही चार बायका हाताने शिवतो. त्या टेबलाची प्रमुख मी. नम्रता वगैरे ठीक आहे, पण दिल्लीत माझ्याहून चांगला किल्ट कोण शिवतं ते दाखवा.

*

मी हे शिकले उसवून. दुरुस्तीला आलेला एक जुना किल्ट घरी, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आले आणि जेवायच्या टेबलावर टाका टाका सोडवला. निऱ्या टेपने मोजून घातलेल्याच नव्हत्या. चौकटीतली रेघ धरून प्रत्येक निरी अशी दुमडलेली, की मागून पाहिलं तरी चौकट अखंड दिसावी. कमरेपाशी निऱ्यांच्या आतलं जादा कापड कापून टाकलेलं आणि तिथे कॅनव्हास बसवलेला, म्हणून कंबर फुगत नाही. सगळं सौंदर्य आतल्या बाजूला!

सासूबाई अमरावतीच्या. बराच वेळ निरखून म्हणाल्या, "निऱ्या मागे कशाला गं?"

"पुढून सपाट राहतं आई, आणि मागे चालायला मोकळं."

"एवढा विचार केलाय म्हणजे बाईनेच काढलं असणार."

*

एकदा चड्ढाजींनी स्वतः किल्ट घालून पाहिला. पँट जिथे घालतात तिथेच, म्हणजे पोटाच्या खाली. किल्ट गेला थेट पोटरीपर्यंत. "गजभियेजी, ये तो लंबा बना दिया आपने!"

मी म्हटलं, "सर, किल्ट बेंबीच्या वर बांधतात." बक्कल सोडून वर ओढला, तर बरोबर गुडघ्यावर आला. त्यांनी श्वास रोखून पट्टे आवळले आणि आरशात पाहिलं. मग श्वास न सोडताच म्हणाले, "अच्छा, फिटिंग तो बिल्कुल ठीक है."

*

फरिदाबादच्या एका शाळेने आमचे सगळे किल्ट परत पाठवले. तक्रार अशी की खालची कड दुमडून शिवलेलीच नाही, काम अर्धवट आहे. बँडच्या मॅडम स्वतः आल्या होत्या आणि चांगल्याच तापल्या होत्या. चांगल्या किल्टला खाली दुमड नसतेच. कापडाचा मूळ काठच खाली येतो, म्हणून निऱ्या सरळ पडतात आणि चालताना झुलतात.

माझ्याने राहवलं नाही. "मैडम, आपने जो साड़ी पहनी है, उसका किनारा मोड़कर सिलवाया है क्या?"

त्यांनी पदर हातात घेऊन पाहिला. मग चहा मागितला.

*

आणि मग गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. चड्ढाजींनी मीटिंग घेतली आणि सांगितलं की हाताचं टेबल या महिन्याअखेर बंद. तिथे नवं मशीन येणार, आम्ही चौघी पॅकिंगला. मी हातातला मशीनचा किल्ट उलटा करून दाखवला. आत कॅनव्हास नाही, नुसतं चिकटवलेलं अस्तर, कमरेला गठ्ठा.

"अरे यार गजभियेजी, उलटा करके कौन देखता है?"

मला फार लागलं ते. इतकी वर्षं मी जे काही केलं होतं ते सगळं उलट्या बाजूलाच होतं. बाकीच्या तिघी माझ्याकडे पाहत होत्या. मी किल्ट सुलटा केला आणि घडी घालून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात चड्ढाजी पेढे घेऊन आले. मुलगा स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला नोकरी करतो, त्याचं तिथल्याच मुलीशी ठरलं. मुलीचे वडील बँडमध्ये किल्ट घालून बॅगपाइप वाजवतात. लग्नात मुलाकडच्या सगळ्या पुरुषांनी किल्ट घालायचे, असं ठरलेलं. काका, मामा, आतेभाऊ, सगळ्यांची मापं मशीनवाल्यांकडे गेली.

संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर चड्ढाजी माझ्यापाशी येऊन उभे राहिले. न सांगता शर्ट वर केला आणि बेंबीच्या वर बोट ठेवलं. "नाप यहाँ से लेना."

मी माप घेतलं, लिहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, मशीनवालों को दे दूँ?"

त्यांनी मागे वळून पाहिलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "वो टेबल अभी उठा तो नहीं ना?"