अनुसयाआत्याची दुबई

बैठकीत सतरंजी टाकून अनुसया आठवडाभर सामान भरत होती. भाच्याकडं, पियुषकडं, दुबईला जायचं होतं आणि तेही ऐन मे महिन्यात. मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा उन्हाळा तिच्या अंगवळणी पडलेला, पण वाळवंटातला कसा असतो ते ठाऊक नव्हतं. म्हणून भेटेल त्याला विचारून तिनं तयारी केली. पातळ सुती कुडते, ओढण्या, गॉगल, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि ऊन बाधू नये म्हणून प्रत्येक बॅगेच्या बाहेरच्या खिशात एक कांदा. पियुषसाठी चिन्नोर तांदूळ, कुरडया, आंबाडीची चटणी. खसखस तिथं चालत नाही असं कळल्यावर तिनं मसाल्याचा भरलेला डबा रिकामा केला आणि दुसरा मसाला कुटला.

अनुसया ही मुकुंदरावांची धाकटी बहीण. खैरलांजीला दिली होती. दीड वर्षात नवऱ्यानं दुसरी आणली आणि बाविसाव्या वर्षी ती भावाच्या घरी आली ती कायमची. मुकुंदराव पाटबंधारे खात्यात, वहिनी अहिल्या शाळेत. आठ महिन्यांचा पियुष अनुसयाच्या कडेवर आला. तो बोलायला लागला तेव्हा ‘आई’च्या आधी ‘आत्या’ म्हणाला. सगळे हसले. अहिल्याही हसली, पण ती गोष्ट तिनं चौतीस वर्षांत कधी विसरली नाही.

फेब्रुवारीत घरातल्या चौघांचे पासपोर्ट आले. पियुष फोनवर म्हणाला, “आत्या, तू भी आ रही है.” अनुसयानं ते गल्लीभर सांगितलं. शेजारच्या गोदाबाईंना, त्यांच्या सुनेला श्रुतिकाला, दळणाच्या रांगेतल्या बायांना. वाळूत चपला तापतात म्हणून तिनं आयुष्यातले पहिले कॅनव्हासचे बूट घेतले आणि तेही सगळ्यांना दाखवले.

निघायच्या आदल्या दुपारी तिनं हातकाट्याला अडकवून एकेक बॅग मोजली.

“वहिनी, चौऱ्याहत्तर भरलं. ऐंशीत अजून सहा किलोची जागा हाय.”

अहिल्या कूलरसमोर पेपर वाचत होती. “ऐंशी नाही. साठ.”

“काहून? एका माणसामागं वीस म्हणला ना पियुष?”

“हौ. तीनच जण जाऊन राह्यलो.”

अनुसयाला वाटलं, पियुषची बहीण ऋता येत नसेल. तिनं ऋताकडं पाहिलं. ऋतानं मोबाइलमधून मान वर केली नाही. मुकुंदराव उठले आणि पाणी प्यायला आत गेले.

“माहं तिकीट?”

“काढलंच नाही. घर कोण पाहीन? अन् तिथं त्याच्या साहेबलोकांत तुले कुठं घेऊन फिरावं?”

“मले आधी सांगाचं होतं, वहिनी.”

अहिल्यानं पेपराची घडी घातली. “पियुषच म्हणला, पॅकिंग झाल्यावर सांगा. आधी सांगितलं त आत्याचं तोंड फुगन, मंग कुरडया कोण करन?”

अनुसयाला ते खरं वाटलं नाही. तिनं तिथंच पियुषला फोन लावला. तो म्हणाला, “नाराज मत हो ना, आत्या. अगले साल पक्का.” आणि थोड्या वेळानं, “मसाला टाकला ना?”

“टाकला,” ती म्हणाली.

तिनं आपली बॅग उघडून आपले कपडे काढून घेतले. तरीही वजन जास्तच होत होतं. तेव्हा तिनं थोडा तांदूळ कमी केला आणि सगळं तीन बॅगांत नीट बसवलं. कुरडया मोडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती मुकुंदरावांचे बनियन गुंडाळले.

संध्याकाळी अहिल्या स्वयंपाकघरात आली. “तू गल्लीभर सांगून बसली. आता घरी दिसली त लोक आम्हालेच नावं ठेवतीन. पंधरा दिवस आतमधीच राह्य. समोरून कुलूप लावतो. कूलर लावजो नको, आवाज रस्त्यावर जाते.”

“दादा?” अनुसयानं भावाला हाक मारली.

मुकुंदराव दारात उभे होते. “मांगचं अंगण हाय ना,” ते म्हणाले.

पहाटे गाडी आली. कुलूप मुकुंदरावांनी स्वतःच लावलं.

त्या वर्षी बालाघाटात पारा पंचेचाळिसावर गेला. अनुसया खिडक्या लावून फरशीवर ओलं पोतं टाकून पडून राही. नळ बारीक सोडी, भांडी फडक्यावर ठेवी. फोडणीचा वास जाईल म्हणून वरणभातच खाई. एकदा मागच्या भिंतीपलीकडून गोदाबाईंचा आवाज आला, “दुबईत लईच गरम होऊन राह्यलं असन, नाही का?” आणि दोघीतिघी हसल्या. अनुसया हातातलं पातेलं तसंच धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिनं मनाची समजूत घातली, की त्यांचं दुसरंच काहीतरी चाललं असेल.

मे महिन्यात अख्खी गल्ली गच्चीवर झोपते, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. गाडीत तीनच माणसं बसलेली सगळ्यांनी पाहिली होती.

मंडळी परतली, कुलूप निघालं, आणि दुसऱ्या दिवशी अनुसया अंगणात दिसताच बाया जमल्या. कशी होती दुबई, विमानात कान दुखले का, वाळू खरंच लाल असते का. अनुसया सांगत गेली. पियुषनं फोनवर सांगितलेलं, टीव्हीवर पाहिलेलं, सगळं. उंच इमारतीबद्दल सांगताना तर तिचा आवाज रंगातच आला. श्रुतिकानं शांतपणे मोबाइल पुढं केला. अहिल्यानं टाकलेले फोटो होते.

“आत्या, तुम्ही दिसतच नाही याच्यात.”

प्रत्येक फोटोत चौघंच होते, आणि सेल्फीसाठी पियुषनं लांब केलेला हात.

“मी फोटो काढून राह्यली होती,” अनुसया म्हणाली.

कुणी हसलं नाही. गोदाबाई म्हणाल्या, “चांगले काढले वो बाई,” आणि सगळ्या पांगल्या. त्या कोपऱ्यावर पोचल्यावर हसण्याचा आवाज आला.

अहिल्यानं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. जेवणाच्या वेळी पियुषचा फोन आला तेव्हा तिनं स्पीकर लावला आणि आत्या काय म्हणाली ते तिच्याच आवाजात करून दाखवलं. ऋता तोंडावर हात दाबून हसली. मुकुंदराव ताटाकडं बघत हसले. तिकडून पियुषही हसला, खोकला येईपर्यंत.

“आत्या किधर है?” त्यानं विचारलं.

“अंदर. पोळ्या करून राह्यली.”

अनुसयानं तव्यावरची पोळी काढली, तूप लावलं आणि भावाच्या ताटात नेऊन वाढली.