साहेबांचा पहिला पूर्वज

इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात मी साहेबांची सेक्रेटरी. साहेब अमेरिकन. त्यांच्या घराण्याचा इतिहास टाइप करणं माझ्या कामात कुठेही लिहिलेलं नाही, तरी सहा महिने मी तेच करत होते. त्यांचे खापरपणजोबा बैलगाडीतून पश्चिमेकडे गेले आणि एका खोऱ्यात सगळ्यांत पहिले वसले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं म्हणे. हे दर पानावर!

मला वसईला जायचं होतं. भावाच्या मुलीचा रविवारी बाप्तिस्मा, तिला हातात धरून उभी राहणारी धर्ममाता मी. साहेब रजेवर सही करेनात. "पुस्तक छापायला गेलं की लगेच."

भाऊ फोनवर कावलेला. "ताई, येतेस की दुसरी कुणी बघू? त्या अमेरिकन बैलांना जरा पळव म्हणावं!"

"येते रे, इन्शाल्ला."

"तुझं इन्शाल्ला म्हणजे नाहीच!"

गुरुवारी साहेबांनी चर्चच्या जुन्या नोंदवहीचा फोटो दिला, शेवटच्या पानासाठी. खोऱ्यात पोचल्यावर चौथ्या महिन्यात जन्मलेल्या त्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा. माझे वडील आमच्या चर्चची घंटा वाजवायचे, असल्या वह्या मी लहानपणापासून पाहिल्यात. बाळाच्या नावाखाली धर्मपिता आणि धर्ममाता. पुढे लिहिलेलं, दोघेही या खोऱ्यातले जुने रहिवासी.

माझं डोकंच फिरलं. फोटो घेऊन केबिनमध्ये गेले.

"सर, चिटपाखरू नव्हतं, मग बाळाला हातात धरून उभं कोण राहिलं?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "इतकं बारीक कोण बघतं?"

"मी बघते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, सर, आणि ते मी ऐटीत सांगते. पण कॉलेजचा फॉर्म शेजारच्या टीचरनी भरून दिला होता, तेही सांगते."

त्यांनी नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाले, "'पहिले' हा शब्द सगळीकडून काढ. आणि ही दोन नावं घाल."

एकतीस ठिकाणी 'पहिले' होतं. प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा बांधावं लागलं. वैतागत, पुटपुटत संध्याकाळपर्यंत खलास केलं आणि प्रिंटवर रजेचा कागद ठेवला.

पेन उघडून साहेबांनी विचारलं, "तू नाही गेलीस तर दुसरं कुणी उभं राहील ना?"

"राहील, सर. मग वहीत तिचं नाव लागेल."

त्यांनी सही केली.